भांडण कुणापुढे करायचं हेच डावे विसरले

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या इंदूरातला एक छोटासा डावा पक्ष यावर्षी फुटला आणि आता एकाच नावाने दोन कमिट्या काम करतायत, ही बातमी कुठल्याच पेपरात आली नाही, हिंदीत नाही आणि मराठीत तर नाहीच. शहराच्या हिशोबात तो पक्ष मोजलाच जात नाही म्हणून आली नसेल. पक्षाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत, दोन्ही घरी माझं जाणंयेणं आहे आणि कुणा एकाची बदनामी करायला मी हे पत्र लिहीत नाहीये. मी कधी मेंबर नव्हते, पण बाबा मालवा मिलमधे साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते, आमच्या घरी लाल झेंड्याची माणसं चहाला यायची, पर्चे आमच्या ओसरीवर घडी करून ठेवलेले असायचे, त्यामुळे हे दुःख मला परकं नाही.

फूट कशावरून पडली ते आधी सांगते. २०२४ च्या लोकसभेला इंदूरात काय झालं ते तुमच्या वाचकांना आठवत असेल, काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि तो सरळ भाजपमधे गेला, मग काँग्रेसने लोकांना नोटाचं बटण दाबा म्हणून सांगितलं आणि २,१८,६७४ मतं नोटाला पडली. देशात आजवर कुठल्याही मतदारसंघात नोटाला एवढी मतं पडलेली नाहीत, याआधीचा आकडा बिहारच्या गोपालगंजचा होता, ५१ हजारांच्या आसपास. आता नीट बघा, त्यावेळी एका छोट्या डाव्या पक्षाचा उमेदवारही रिंगणात होता. म्हणजे काँग्रेस मैदानात नाही, सव्वादोन लाखाच्या जवळपास माणसं रागावून मतदान केंद्रावर गेली, रांगेत उभी राहिली, आणि मशीनवर डाव्याचं नाव असूनही त्यांनी ‘यापैकी कुणी नाही’ दाबलं. कुठल्याही डाव्याला रात्रीची झोप येऊ नये अशी ही गोष्ट आहे. या माणसांपर्यंत आपण का पोचलो नाही हा प्रश्न पडायला पाहिजे होता. पण आमच्या ओळखीच्या पक्षात वाद झाला तो वेगळाच, नोटाचं समर्थन करणं ही संधीसाधू लाईन, म्हणजे राजकीय भूमिका, की न करणं ही संकुचित लाईन, यावर. एका बाजूने टिपण लिहिलं, दुसऱ्या बाजूने ते टिपण मेंबरांमधे वाटायला मनाई केली, मग ते व्हॉट्सअॅपवर फिरलं, मग ते फिरवलं म्हणून नोटीस, मग सस्पेन्शन, मग ज्यांना काढलं त्यांनी उरलेल्यांना काढलं. आणि १ मे ला एकाच झेंड्याखाली, भगतसिंगाचा एकच फोटो लावून दोन वेगळ्या जागी दोन कार्यक्रम. मी दोन्हीकडे गेले. दोन्हीकडे जवळपास सारखीच भाषणं होती, चार लेबर कोडच्या विरोधात, खाजगीकरणाच्या विरोधात, आणि दोन्हीकडे मिळून तरुण चेहरे हाताच्या बोटावर मोजता येतील एवढेच.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. शहरातले चांगले शिकलेले लोक म्हणतात की विचारच जुना झाला, रशिया गेला तिथेच संपलं सगळं. आणि पक्षातून बाहेर पडलेले लोक म्हणतात की विचार बरोबर होता पण पुढाऱ्यांचे अहंकार नडले. मला दोन्ही पटत नाही. विचार जुना झाला म्हणावं तर ठेक्यावरच्या सफाई कामगाराला किंवा पाठीवर डबा बांधून मोटारसायकलवर रात्री अकराला जेवण पोचवणाऱ्या पोराला विचारा की मालक-मजुराचा प्रश्न संपला का. आणि अहंकार म्हणावं तर तो कुठल्या पक्षात नाही. अहंकारी माणसं पूर्वीही होती, बाबांच्या तोंडून मी नावानिशी ऐकलीयत, तरी तेव्हा पक्ष असा दर दोन-चार वर्षांनी चिरत नव्हता. माझं म्हणणं असंय की भांडणं तेव्हाही होती आणि कडाक्याची होती, फक्त ज्याच्यापुढे ती व्हायची तो माणूस आज समोर नाही.

तो माणूस म्हणजे मिलच्या गेटवरचा मजूर. आमच्याकडे हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा मिल होत्या, परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर हा सगळा पट्टा भोंग्यावर उठायचा आणि भोंग्यावर झोपायचा. पाळी सुटायच्या वेळेला गेटमीटिंग व्हायची. आता ज्यांनी गेटमीटिंग बघितली नाही त्यांना सांगते की ती सभा नसायची, तिथे खुर्च्या नाहीत, हारतुरे नाहीत, आठ तास उभं राहून कानात साच्यांची खडखड घेऊन माणूस बाहेर येतो, त्याला घरी जायचंय, बोलणाऱ्याकडे फार तर दहा-पंधरा मिनिटं असतात. त्यात तुम्ही चीनची लाईन आणि रशियाची लाईन काढून बसलात तर तो सायकलवर टांग टाकून निघून जाणार. तो थांबायचा बोनससाठी, बदलीवाल्यांना, म्हणजे दुसऱ्याच्या जागी रोजावर घेतलेल्यांना, कायम कधी करणार यासाठी, एका मजुराला किती साचे चालवायला लावणार यासाठी. पुढारी त्याच्यासमोर बोलायचा आणि मग तो पुढाऱ्याला विचारायचा, आणि तिथल्या तिथे कळायचं की काल रात्री कमिटीत जे टेबलावर हात आपटून मांडलं त्याला बाहेर काही वजन आहे का नाही. संध्याकाळी परत कमिटी बसायची, परत भांडण व्हायचं, पण आता दोघांनाही गेटवर काय झालं ते माहीत असायचं. ज्याचं म्हणणं गेटवर पडलं तो निदान पुढच्या पगारापर्यंत गप्प बसायचा, त्याला पक्षातून काढायची कुणाला गरज वाटायची नाही.

होमी दाजी या गेटवर मोठे झाले. पारशी घरातला माणूस, कम्युनिस्ट, बहुतेक मजूर हिंदी बोलणारे, बरेच आमच्यासारखे मराठी, खानदेशाकडून वऱ्हाडाकडून आलेले, आणि त्यांनी त्याला १९५७ ला विधानसभेत पाठवलं आणि १९६२ ला थेट लोकसभेत, तेही रामसिंगभाई वर्मांसारख्या इंटकच्या, म्हणजे काँग्रेसच्या युनियनच्या, तगड्या कामगार पुढाऱ्याला हरवून. पुढे १९६७ ला प्रकाशचंद्र सेठींकडून दाजी हरले, १९७२ ला परत आमदार झाले. याच मतदारसंघात पुढे भाजपच्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आल्या. मी कुणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलत नाहीये, फक्त एवढंच दाखवायचंय की इंदूर हे काही डाव्यांसाठी जन्मतः बंद शहर नव्हतं. आज नव्या पिढीला सांगितलं की इथून कम्युनिस्ट खासदार गेला होता तर पोरं विश्वास ठेवत नाहीत.

१९६४ ला कम्युनिस्ट पक्ष दिल्लीत फुटला, भाकप आणि माकप असे दोन झाले. ११ एप्रिलला नॅशनल कौन्सिलमधून ३२ जण उठून गेले, त्याच्या महिनाभर आधी पक्षाचे पुढारी डांगे यांच्या नावाची जुनी पत्रं छापून आली होती, ब्रिटिश सरकारला लिहिलेली म्हणून, एक बाजू म्हणे खरी दुसरी म्हणे बनावट. त्याखाली चीनचं युद्ध होतं, काँग्रेसशी कसं वागायचं हा प्रश्न होता, खरे आणि मोठे मतभेद होते, मी त्यांना क्षुल्लक म्हणणार नाही. ती फूट इंदूरातही आली, घराघरात आली. पण दोन्हीकडच्यांना सकाळी त्याच गेटवर जावं लागायचं, त्याच मजुराला सामोरं जावं लागायचं, संप असला की एकत्र बसावंच लागायचं. फूट पडूनही दोघं जिवंत राहिले ते त्यामुळे. मिल बंद पडल्या आणि ते गेट गेलं. हुकुमचंद १९९१ च्या शेवटी बंद झाली, बाकीच्याही एकेक करून गेल्या. मग कमिटी उरली, खोली उरली, आणि खोलीत दहा माणसं एकमेकांकडे तोंड करून बसली. बाहेर कुणी नाही ज्याच्यापुढे सिद्ध करायचंय, म्हणून मग सगळं आतल्या आतच सिद्ध करायचं. माझ्या मते ऱ्हास इथून सुरू झाला.

दुसरी गोष्ट नियमांची आहे, ती जरा सविस्तर लिहिते कारण आमच्या भांडणात दोन्ही बाजू लेनिनचं नाव घेतात. १९१८ ला जर्मनीशी ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह करायचा का नाही यावर लेनिनच्या बोल्शेविक पक्षात उभी फूट होती, लेनिन म्हणत होता सही करा नाहीतर क्रांतीच जाईल, बुखारिन आणि त्याचे डावे कम्युनिस्ट म्हणत होते की ही शरणागती आहे. बुखारिनच्या गटाने स्वतःचं ‘कम्युनिस्ट’ नावाचं पत्र काढलं आणि त्यात उघड उघड लेनिनच्या विरोधात लिहिलं. युद्ध चालू, सरकार चार महिन्यांचं, आणि तरी त्यांना पक्षातून काढलं नाही, बुखारिन नंतरही वरच्या फळीत राहिला. ही परंपरा होती. मग मार्च १९२१ ला त्या पक्षाची दहावी काँग्रेस, म्हणजे अधिवेशन, भरली, क्रॉनस्टाटच्या नौसैनिकांचं बंड चालू होतं, देश उपाशी होता, आणि त्या दडपणात गटबंदीवर बंदी घालणारा ठराव झाला. कोलोन्ताय आणि श्ल्याप्निकोव्ह यांचा ‘वर्कर्स अपोझिशन’, म्हणजे कामगारांच्या बाजूने पुढाऱ्यांना विरोध करणारा गट समोर होता. त्या ठरावातलं सातवं कलम, सेंट्रल कमिटीच्या मेंबरलाही काढता येईल असं, ते तर गुप्त ठेवलं होतं, १९२४ च्या जानेवारीपर्यंत जाहीरच केलं नाही. यादवी युद्धातून नुकत्याच निघालेल्या, सत्तेवर असलेल्या, सात लाखांच्या आसपास मेंबर असलेल्या पक्षाने भीतीच्या आठवड्यात केलेला तो नियम. नंतर त्याच नियमाने स्टॅलिनने एकेकाला काढलं, बुखारिनचाही जीव गेला.

आणि तो नियम आज शंभर वर्षांनी इंदूरात अशा पक्षाला लावायचा ज्याचे सगळे मेंबर एका खोलीत मावतात! कशासाठी? कुठलं बंड चालू आहे? ज्याचं मत हरलं त्याचं टिपण मेंबरांना वाचूच द्यायचं नाही, बाहेर एक शब्द बोलला की शिस्तभंग, मग त्या हरलेल्या माणसाला राहायला जागा कुठे उरली. त्याने एकतर स्वतःच्या मनाविरुद्ध पर्चा वाटायचा किंवा निघून जायचं. माणूस एकदा-दोनदा मन मारतो, तिसऱ्यांदा निघतो, आणि निघताना चार जण घेऊन निघतो. हरलेल्याला मानाने बसता येईल अशी जागाच ज्या पक्षात नाही तिथे प्रत्येक मतदानाच्या पोटात एक फूट असते, मग मतदान नोटावर असो, युक्रेनवर असो नाहीतर ऑफिसचा किराया कोण भरणार यावर असो.

नक्षलबारीकडच्या पक्षांचं तर वाचवत नाही. २२ एप्रिल १९६९ ला भाकप (माले), म्हणजे मार्क्सवादी-लेनिनवादी, स्थापन झाला आणि १ मे ला कलकत्त्याच्या मैदानात कानू सान्याल यांनी तो जाहीर केला. तीन वर्षात, जुलै १९७२ ला त्याचे मुख्य पुढारी चारू मजुमदार पोलीस कोठडीत वारले, आणि त्याच्या आधीच दुसरे पुढारी सत्यनारायण सिंग वेगळे झाले होते. मग लिन बियाओ बरोबर का चूक यावर गट पडले. लिन बियाओ चीनचा लष्करी पुढारी, तो विमान पडून मेला मंगोलियात, आणि त्यावरून बिहार-बंगालच्या गावात जीवावर उदार झालेली पोरं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. पुढे किती गट झाले ते मोजायला वही लागते. नव्वदच्या दशकात बिहारमधे तर सशस्त्र गटांनी एकमेकांची माणसं मारली, २००४ ला एक होताना त्यांनी स्वतःच त्याला काळा अध्याय म्हटलं. मी बंदुकीच्या रस्त्याच्या बाजूची कधीच नव्हते, तो रस्ता मला चूकच वाटतो, पण ज्या भूमिहीन घरातली ती माणसं होती त्यांचं काय. कानू सान्याल २३ मार्च २०१० ला नक्षलबारीजवळच्या खेड्यात आपल्या मातीच्या घरात गळफास घेतलेले सापडले. त्यांनी मैदानात ज्या पक्षाची घोषणा केली त्याचं नाव लावणारे तेव्हा डझनावारी गट होते आणि ते स्वतः त्यातल्याच एका छोट्या गटाचे पुढारी होते.

आपल्या मराठी माणसांना जवळचं उदाहरण लाल निशाण पक्षाचं. १९४२ ला चले जावच्या वेळी कम्युनिस्ट पक्षाने आंदोलनाला विरोध केला म्हणून जी मंडळी बाहेर पडली, नवजीवन संघटना म्हणून, त्यांचा पुढे लाल निशाण झाला. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण, नगरकडे दत्ता देशमुख. छोटा पक्ष, पण सर्व श्रमिक संघासारखी युनियन, साखर कामगार, शेतमजूर, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांना कामाचा हक्क मागायला उभं करणं, रोजगार हमी जी पुढे देशाने उचलली तिच्या पायात या माणसांचा घाम आहे. तो पक्ष १९८८ ला फुटला, लेनिनवादी वेगळे झाले. एक तुकडा २०१७ ला भाकपमधे गेला, दुसरा अलीकडे भाकप (माले) लिबरेशनमधे. म्हणजे एवढी वर्षं वेगळे राहून शेवटी दोघांनाही मोठ्या घरात जावंच लागलं, आणि ती घरंही दोन वेगळी. ज्यांनी युनियन सांभाळली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, कामगारांपर्यंत रोज जाणारी माणसं दोन्हीकडे होती आणि म्हणूनच दोन्ही तुकडे इतकी वर्षं टिकले, नाहीतर अशा फुटीनंतर पाच वर्षात लेटरहेडही राहत नाही.

आता इथे कुणी म्हणेल की म्हणजे तुमचं म्हणणं कधी फुटूच नका, पुढारी सांगेल ते ऐका. नाही. १९४२ ची ती मंडळी बाहेर पडली ते मला बरोबर वाटतं, देश रस्त्यावर असताना आत कसं बसणार. आणि काही वेळा बाहेर पडणं हे माणुसकीचं काम असतं. इंग्लंडात वर्कर्स रेव्होल्युशनरी पार्टी म्हणून छोटा ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टॅलिनच्या विरोधातल्या ट्रॉट्स्कीला मानणारा, पक्ष होता, रोजचं दैनिक काढायचा, १९८५ ला कळलं की त्यांचा म्हातारा पुढारी गेरी हिली वर्षानुवर्षं पक्षातल्या तरुण बायकांचं शोषण करत होता, त्याला काढलं आणि पक्षाचे तुकडे तुकडे झाले. तिथल्याच सोशलिस्ट वर्कर्स पार्टीत २०१३ ला उघड झालं की एका बाईने मोठ्या पदाधिकाऱ्यावर बलात्काराचा आरोप केला, तर तो तपासायला पक्षाचीच कमिटी बसली, त्याला वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं त्यात, आणि उलट त्या बाईलाच तिच्या खाजगी आयुष्याचे प्रश्न विचारले. शेकडो लोक सोडून गेले, बरोबर केलं. अमेरिकेतली आयएसओ (इंटरनॅशनल सोशलिस्ट ऑर्गनायझेशन) ही डावी संघटना २०१९ ला अशाच एका दाबलेल्या तक्रारीवरून स्वतःच मतदान घेऊन विसर्जित झाली. बघा, तिन्ही ठिकाणी रोग एकच, तक्रार आतल्या आत, न्याय आतल्या आत, बाहेर सांगितलं तर तू पक्षाची शत्रू. बाई म्हणून मला हे जास्त टोचतं. आमच्याकडेही कार्यक्रमात चहा आणि सतरंज्या बायकांकडे, आणि कमिटीत बायका एक किंवा शून्य, आणि त्या एकीचं बोलणं मिनिट्समधे कधी येत नाही, हे मी दोन्ही गटांना तोंडावर सांगितलंय. ज्या पक्षात हरलेल्या मताला जागा नाही तिथे बाईच्या तक्रारीला कुठून असणार.

उलट उदाहरण आमच्याच शहरात आहे आणि त्यावर एकाही कॉम्रेडने नीट लिहिलेलं मला दिसलं नाही. हुकुमचंद मिलचे मजूर. मिल बंद झाली तेव्हा देणी बाकी, त्यानंतर बत्तीस वर्षं ती माणसं लढली. त्यात इंटकवाले होते, लाल झेंड्याचे होते, भारतीय मजदूर संघाचे होते, कुठल्याच झेंड्याचे नसलेले तर सगळ्यात जास्त. कोर्टाच्या तारखा, लिक्विडेटर, जमीन कुणाची सरकारची का नगर निगमची, बँकांचं कर्ज, एकेक वर्ष यात गेलं, कितीतरी जण वाट बघत वारले, त्यांच्या बायका मग गेटवर यायला लागल्या, मग मुलं. शेवटी २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटींचा चेक निघाला, सरकारी आकड्याप्रमाणे ४,८०० च्या आसपास मजुरांच्या देण्यांचा. त्याचं श्रेय कुणी घेतलं, कार्यक्रमात फोटो कुणाचे लागले, ते सोडा. पण बत्तीस वर्षं हे लोक फुटले कसे नाहीत? त्यांच्यात काय कमी भांडणं होती, वकील बदलायचा का, तडजोड घ्यायची का व्याजासकट लढायचं, माझ्या नात्यातली माणसं त्यात होती, मला माहितीय किती तोंडातोंडी व्हायची. पण प्रत्येकाचा पैसा त्याच एका केसमधे अडकलेला होता, एकाला काढून दुसऱ्याचं काही भलं होणार नव्हतं, आणि हरलेल्या मताचा माणूस पुढच्या वेळी परत येऊन त्याच पायरीवर बसायचा. पुस्तकं न वाचलेल्या माणसांनी हे जमवलं.

आणि काम संपलंय का? जानेवारी २०२५ ला भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा जाळायला पिथमपूरला आणला, तेव्हा पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, बंद झाला, लाठ्या खाल्ल्या. चाळीस वर्षं पडून राहिलेला कचरा, कंपनी हात झटकून गेलेली, आणि तो आपल्या शेजारी का, हा साधा प्रश्न. याहून डावा प्रश्न कुठला असतो सांगा. कारखान्यांचं गाव, हजारो ठेक्यावरचे मजूर, इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर. तिथे त्या दिवसात एक-दोन कार्यकर्ते स्वतःच्या हिमतीवर गेले, पण पक्ष म्हणून आमचे लोक त्या आठवड्यात एकमेकांच्या नोटिशींना उत्तरं लिहीत होते. ही गोष्ट मी त्यांना माफ करू शकत नाही.

देशाचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत, २००४ ला लोकसभेत डाव्यांचे ५९ होते, २०२४ ला माकप ४, भाकप २, लिबरेशन २. एप्रिल २०२३ ला भाकपचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जाही गेला, जो पक्ष १९५२ ला लोकसभेत सगळ्यात मोठा विरोधी पक्ष होता. मोठ्यांची ही गत तर आमच्या खोलीएवढ्या पक्षाची काय कथा, असं म्हणून सोडून देता येतं. पण छोट्या पक्षाला एक गोष्ट शक्य असते जी मोठ्याला नसते, तो महिन्याभरात बदलू शकतो. दोन्ही गटांना माझं एवढंच म्हणणं आहे की परत एक व्हा असा आग्रह मी धरत नाही, मनं इतकी कडू झालीयत की जबरदस्तीने बसवलं तर परत फुटाल. पण पिथमपूरच्या गेटवर दोघांनी आलटून पालटून एकच पर्चा वाटा, लाईन वेगळी असली तरी ठेका मजुराचा पीएफ का कापला पण भरला नाही या प्रश्नाला लाईन लागत नाही. आणि तुमच्या पत्रकात ज्याचं मत हरलं त्याचं मत त्याच्या नावाने, त्याच अंकात छापा. आणि चंद्याचा हिशोब भिंतीवर लावा, कारण अर्धी भांडणं तिथून निघतात हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

शेवटी एक तातडीचं, आणि खरं तर यासाठीच हे पत्र पेपरात यावं असं वाटतं. पक्षाच्या जुन्या खोलीला सध्या दोन कुलुपं आहेत, एक एकाचं एक दुसऱ्याचं, आणि आत कुणीच जाऊ शकत नाही. आत पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यात मिलच्या जमान्याचे पर्चे आहेत, हिंदी आणि मराठी दोन्ही, संपाच्या वेळी चंदा दिलेल्या दुकानदारांच्या पावत्या आहेत, युनियनची कार्डं, कमिटीच्या वह्या, गेटमीटिंगचे फोटो ज्यांच्या मागे नावं लिहिलेली आहेत. मराठी मिलमजुरांचा इंदूरातला इतिहास कुणी नीट लिहिलेला नाही, आणि लिहायचा झाला तर त्याचं बरंचसं सामान त्या पेट्यांमधे आहे. छत गळतं. मागच्या पावसात भिंतीला ओल आली होती, वाळवी तर आहेच. कागद कुणाच्या मालकीचे हा वाद कोर्टात न्यायचा असेल तर न्या, पण तोवर दोन्ही गटांनी एक-एक माणूस पाठवून, दोघांच्या सहीने यादी करून, त्या पेट्या शहरातल्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवायला द्याव्यात. ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनीही फेकू नयेत. यादी करायला, साफ करायला, स्कॅन करायला बसायची माझी तयारी आहे, माझ्यासारख्या परदेशीपुऱ्याच्या आणखी दोघी-तिघी बायका आहेत, ज्यांचे वडील नाहीतर सासरे मिलमधे होते, त्याही येतील. यावेळचा पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात धरला तरी वेळ थोडा आहे, तेव्हा हे पत्र शक्य तितक्या लवकर छापावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर